विश्लेषण : मोगलांना २६ वर्षे दख्खनच्या वेशीवर रोखणारा मलिक अंबर आणि आष्टीशेजारची भातवडी

आष्टी म्हटले की इतिहासाच्या वाचकांचा हमखास गोंधळ होतो. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी जिथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. १९४२ च्या आंदोलनातली आष्टी वर्धा जिल्ह्यातली. बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या नावावर अशी गाजलेली लढाई नाही. पण याच आष्टीच्या हद्दीलगत, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या भातोडी येथे १६२४ मध्ये एक लढाई झाली. तिने दिल्ली, विजापूर, गोवळकोंडा आणि निजामशाही या चार सत्तांचे परस्परसंबंध एका दिवसात बदलून टाकले. ती घडवणारा माणूस इथिओपियात जन्मला होता आणि बाजारात गुलाम म्हणून विकला गेला होता. मलिक अंबरच्या मृत्यूला २०२६ मध्ये ४०० वर्षे होत आहेत. त्यानिमित्ताने, दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये एक खिळखिळे राज्य पाव शतक कसे तगले, याचा हा आढावा.

हबशी गुलाम निजामशाहीचा सूत्रधार कसा झाला?

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातल्या हरार परिसरातला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि येमेनमधले मोखा बंदर, बगदाद अशा वाटेने अनेकदा विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. तिथून तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि गुलामगिरीतूनच वर आलेला होता. दख्खनमध्ये तेव्हा हे नवलाचे नव्हते. इथल्या सुलतानांना इराणी आणि स्थानिक दख्खनी सरदारांच्या भांडणात तिसरा, आपल्याशीच बांधलेला वर्ग हवा होता. तो त्यांना हबशांमध्ये मिळाला.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढची सुमारे वीस वर्षे त्याने सैनिकी पेशात काढली, त्यातली काही विजापूरच्या चाकरीत. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. १५९५ च्या सुमारास तो दीडेकशे स्वार घेऊन पुन्हा निजामशाहीत आला. तेव्हा या राज्याची अखेरची घरघर सुरू झाली होती. ऑगस्ट १६०० मध्ये अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, चांदबीबी मारली गेली आणि गादीवरचा लहान सुलतान कैद झाला. राजधानी गेली, राजा गेला. कागदोपत्री निजामशाही संपली होती.

अंबरने ती संपू दिली नाही. निजामशाही घराण्यातला एक तरुण वारस त्याने शोधून काढला, परांड्याला त्याला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. आजच्या धाराशिव जिल्ह्यातला परांडा ही या उभारलेल्या राज्याची पहिली राजधानी. नगर मोगलांकडे आणि परांडा अंबरकडे, अशी ही स्थिती होती. आष्टी-कड्याचा पट्टा या दोहोंच्या मध्ये येतो. हा पट्टा म्हणजे सरहद्दच होती. आज नगरहून आष्टीला रेल्वेने येता येते, ही रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. त्या काळी याच माळावरून रसद नेणाऱ्या मोगल बैलतांड्यांना स्वारांचा पहारा लागे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ही निजामशाही अहमदनगरची, १४९० मध्ये सुरू झालेली. मराठवाड्यावर १९४८ पर्यंत राज्य करणारा हैदराबादचा निजाम वेगळा. त्याच्या असफजाही घराण्याचा अंबरशी संबंध नाही.

चार सत्तांचा खेळ नेमका काय होता?

मोगल साम्राज्याकडे माणूस, पैसा आणि तोफा यांची कमतरता नव्हती. दख्खनमध्ये विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि उरलीसुरली निजामशाही अशी तीन राज्ये. तिघांनाही कळत होते, की निजामशाही हा मधला बांध फुटला तर मोगल थेट आपल्या दारात येतील. पण कळणे आणि तसे वागणे यांत फरक असतो. विजापूर आणि निजामशाही यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. विजापूर आणि गोवळकोंडा इराणच्या शाह अब्बासशी संधान बांधून होते. मोगलांवर दबाव आणू शकेल अशी बाहेरची एकच मोठी सत्ता त्यांना दिसत होती, ती इराणची.

अंबरचे परराष्ट्र धोरण या समजुतीवर उभे होते, की मोगलांशी एकट्याने कायमचे लढता येत नाही, पण त्यांच्याविरुद्ध शेजाऱ्यांना कायमचे एकत्रही ठेवता येत नाही. म्हणून त्याने तहाला वेळ विकत घेण्याचे साधन मानले. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानच्या मुलाने त्याचा पराभव केला, तो जखमी झाला आणि रणातून जेमतेम वाचला. त्याने लगेच खानखानानशी समझोता केला आणि मोगलांनी हद्द मान्य केली. तेवढ्या उसंतीत त्याने आपला घरातला प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याचा काटा काढला. १६०५ मध्ये अकबर वारला, पाठोपाठ शाहजादा खुसरोने बंड केले आणि दिल्लीचे लक्ष उत्तरेत गुंतले. अंबरने राजधानी आधी जुन्नरला आणि मग १६१० मध्ये खडकीला नेली. त्याच सुमारास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाशी बोलणी करून त्याने नांदेडजवळचा कंधारचा किल्ला मिळवला आणि आपला मुलगा फत्तेखान याचे लग्न विजापूरच्या एका मोठ्या सरदाराच्या मुलीशी लावले. १६१० मध्येच अहमदनगरचा किल्लाही त्याने परत घेतला.

त्याच वर्षी त्याने ज्या राजाला गादीवर बसवले होते, तो मेला. डच वृत्तांतानुसार, सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. ते अंबरच्या कानी गेले आणि त्याने दोघांवर विषप्रयोग करवला. नंतर पाच वर्षांचे पोर गादीवर आले. अंबरची प्रशंसा करणारे हा प्रसंग सहसा गाळतात. पण त्याची सत्ता कशावर उभी होती, हे त्यातून दिसते. राजा नावापुरता होता, आणि नावापुरता राहिला नाही तर त्याची खैर नव्हती.

मोगलांना तो जड का गेला?

पहिले कारण रणनीतीचे. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने त्याच्या फौजेत दहा-बारा हजार हबशी आणि ४० हजार दख्खनी असल्याचे नोंदवले आहे. या दख्खनींत मोठा भरणा मराठा स्वारांचा होता. त्यांच्याकडे हलकी घोडी असत, सोबत सामान थोडे असे आणि मुलखाची खडान्‌खडा माहिती असे. मोगल फौज समोर आली की हे स्वार मागे सरत. ती पुढे गेली की तिची रसद तोडत, चारा जाळत आणि रात्री छावणीवर बाणांचा मारा करत. १६११ मध्ये अब्दुल्लाखान गुजरातेतून नाशिकमार्गे मोठी फौज घेऊन उतरला. वऱ्हाडाकडून दुसरी फौज येऊन अंबरला कात्रीत धरणार होती. दोन्ही फौजांचा मेळ बसला नाही. अब्दुल्लाखानाला बागलाणच्या हद्दीपर्यंत सतत छळ सोसत माघार घ्यावी लागली. पुढे ज्याला गनिमी कावा म्हटले गेले, त्याची मोठ्या प्रमाणावरची ही पहिली शाळा. शहाजीराजे भोसले तीतच घडले.

दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते, पण ते जास्त महत्त्वाचे आहे. मुलूख वारंवार लुटला जात असताना २६ वर्षे फौज पोसायला पैसा कुठून आला? अंबरने महसुलाची मक्तेदारी, म्हणजे गाव लिलावाने ठेकेदाराला देण्याची पद्धत, बंद केली. जमिनीची प्रतवारी आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवला. सुरुवातीला तो पिकाच्या साधारण दोन पंचमांश वाटा धान्यात घेई, नंतर बराचसा रोखीत. पाटील-कुलकर्ण्यांची वतने त्याने पक्की केली आणि कसणाऱ्याचा मिरासी हक्क मान्य केला. आष्टी, जामखेड, पाटोदा या अवर्षणाच्या टापूत पीक पाहून घेतलेला धारा आणि ठेकेदाराने ठरवलेला आकडा यांत गाव राहते की उठते एवढा फरक असतो. लढाईनंतर रयत गावात परतत होती आणि म्हणून अंबरची पुढची फौज उभी राहत होती. मराठी मुलखात मलिकंबरी धारा हा शब्द पुढे दोन शतके कागदोपत्री टिकला, तो उगाच नव्हे.

खडकीतही त्याने हाच व्यवहारी विचार केला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधली. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांना मराठा सरदारांची नावे मिळाली. हेच शहर पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले.

त्याचा सर्वांत मोठा पराभव कोणता?

फेब्रुवारी १६१६ मधली रोषणगावची लढाई. जालन्याजवळच्या या गावी मोगल सेनापती शाहनवाजखान याने त्याला गाठले. लखुजी जाधवांसह काही सरदार मोगलांच्या बाजूला गेले होते. दोन फौजांच्या मधल्या नाल्याच्या निसरड्या काठावर अंबरचे घोडदळ अडले आणि पलीकडून तोफा-बाणांनी त्याची चाळण झाली. मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. जहांगीर बादशहाला आनंद एवढा झाला, की त्या सुमारास चितारी अबुल हसनने एक चित्र काढले. त्यात बादशहा भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात जहांगीरने अंबरला कधी पाहिलेही नाही आणि अंबर या चित्रानंतर दहा वर्षे जगला.

१६१७ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, दख्खनमध्ये आला. विजापूरने मध्यस्थी केली, अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या आणि बालाघाटचा मुलूख मोगलांना परत गेला. त्याच वर्षी डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके अंबरला भेटला. त्याला पराभूत माणूस दिसला नाही. दिसली ती शिस्तीची छावणी. तीन वर्षांत अंबरने तह मोडला, कारण जहांगीर तेव्हा काश्मीरकडे होता. खुर्रम पुन्हा आला, खडकी पुन्हा पाडली गेली. १६२१ च्या तहात गेलेल्या मुलखाशिवाय लगतचा १४ कोस पट्टा आणि तिन्ही राज्यांनी मिळून ५० लाख रुपये खंडणी ठरली. विजापूरने १८ लाख, गोवळकोंड्याने २० लाख आणि निजामशाहीने १२ लाख द्यायचे होते.

कंदाहारचा भातवडीशी काय संबंध?

१६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने अफगाण सरहद्दीवरचे कंदाहार मोगलांकडून घेतले. (नांदेडजवळच्या कंधारशी याची गल्लत करू नये.) जहांगीरने खुर्रमला कंदाहारवर जाण्याचा हुकूम दिला. आपण दूर गेलो की दरबारात नूरजहान आपला पत्ता कापेल, हे ओळखून त्याने हुकूम मोडला आणि बंड पुकारले. महाबतखान आणि शाहजादा परवेज त्याच्या पाठलागावर निघाले. पाठलाग करत ते बुऱ्हाणपूरला पोहोचले, तेव्हा दख्खनची बाजू सांभाळण्यासाठी त्यांना एक मित्र हवा होता.

या मैत्रीसाठी अंबर आणि इब्राहिम आदिलशाह दोघेही पुढे सरसावले. हा तपशील पाहिला की दख्खन विरुद्ध मोगल असे सरळ चित्र रंगवणाऱ्यांची अडचण होते. अंबरने स्वतः भेटीला येण्याची आणि थोरल्या मुलाला मोगल चाकरीत देण्याची तयारी दाखवली होती. विजापूरने पाच हजार स्वार देऊ केले. महाबतखानाने विजापूर निवडले. मुल्ला मुहम्मद लारी हा आदिलशाही सेनापती ती फौज घेऊन बुऱ्हाणपूरला गेला आणि महाबतखान खुर्रमच्या मागे पूर्वेकडे निघून गेला.

म्हणजे विजापूरची निवडक फौज विजापुरात नव्हती आणि मोगलांचा खरा सेनापती दख्खनमध्ये नव्हता. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. तो गोवळकोंड्याच्या सरहद्दीवर गेला, कुतुबशाहाकडून फौजेच्या खर्चाची थकबाकी वसूल केली, त्याच्याशी तह केला आणि पाठ मोकळी करून घेतली. मग बिदरचा मुलूख लुटत तो थेट विजापूरच्या तटापर्यंत पोहोचला. इब्राहिमने घाबरून मुल्ला मुहम्मदला परत बोलावले. सोबत लष्करखानाच्या हाताखाली मोगल तुकड्याही आल्या. अंबर वेढा उठवून निजामशाही मुलखाकडे वळला. मोगल आणि विजापूरकर एकत्र त्याच्या मागे लागले. तडजोडीची त्याची विनवणी त्यांनी फेटाळली.

भातवडीला काय घडले?

नगरच्या पूर्वेला, मेहकरी नदीवर, भातवडीचा (आजचे भातोडी) तलाव निजामशाहीच्या चांगल्या दिवसांत बांधलेला होता. हीच मेहकरी पुढे आष्टी तालुक्यात येते. तालुक्यातला मेहकरी प्रकल्प तिच्यावरच आहे. अंबरने छावणीसाठी ही जागा घेतली, समोर खंदक खणले आणि तलावाचे पाणी सोडून दिले. पावसाळ्याचा शेवट होता. वाटा चिखलाने भरल्या. रोषणगावला चिखलाने त्याचा घात केला होता. आठ वर्षांनी त्याने तोच शत्रूच्या पायाखाली पसरला.

पाठलाग करणारी मोठी फौज अडकून पडली. रसद येईना, धान्य आणि चारा संपत आला. रात्री अंबरचे स्वार छावणीवर तुटून पडत, दिवसा दिसत नसत. विजापूर आणि मोगल सरदारांत एकमेकांविषयी संशय होताच. उपासमारीने तो वाढला आणि शिपाई अंबरकडे पळून येऊ लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबर १६२४ मध्ये अंबरने सर्व बळानिशी हल्ला केला. मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. लष्करखानासह अनेक मोगल सरदार आणि विजापूरचे २५ अंमलदार कैद झाले. मोगलांच्या बाजूने आलेले लखुजी जाधव आणि उदाराम निसटले.

या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. शिवरायांच्या जन्माला तेव्हा पाच वर्षांहून थोडा अधिक अवकाश होता. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे आणि त्यात भर भोसले बंधूंच्या पराक्रमावर आहे. विजापूरच्या फारसी इतिहासकाराने मात्र आपल्या सरदारांच्या दुहीवर बोट ठेवले आहे. दोन्ही वाचल्याशिवाय भातवडी पुरती समजत नाही.

विजयानंतर अंबर थांबला नाही. त्याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला, पुन्हा विजापूरवर चाल केली, इब्राहिमने हौसेने वसवलेले नौरसपूर उद्ध्वस्त केले आणि १६२५ मध्ये सोलापूर घेतले. बंगालमधून हरून परतलेला शाहजहान आता त्याच्याकडे आश्रयाला आला. ज्याने खडकी पाडली होती, त्यालाच सोबत घेऊन अंबरच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढा दिला. चार वर्षांपूर्वीचा शत्रू मित्र होऊ शकतो, हे त्याने कोणत्याही तात्त्विक चर्चेविना स्वीकारले. मात्र नौरसपूरची जाळपोळ विजापूर विसरले नाही. भातवडीने अंबरला जे दिले त्यातले निम्मे त्याने तिथेच गमावले, असे म्हणता येईल. मोगलांविरुद्धचा नैसर्गिक साथीदार त्याने कायमचा दुखावला.

त्याच्यानंतर काय झाले?

मे १६२६ मध्ये, सुमारे ८० व्या वर्षी, अंबर वारला. खुलताबादला त्याने स्वतः बांधवून घेतलेल्या कबरीत त्याचे दफन झाले. जहांगीरच्या दरबारातला इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि बंदोबस्ताची मोकळ्या मनाने तारीफ केली. बादशहाने स्वतः हयातभर त्याचा उल्लेख शिवीशिवाय केला नव्हता.

मुलगा फत्तेखान याच्याकडे बापाचा धीर होता ना लोक जोडण्याची कला. दरबारातल्या भांडणात तो कैदेत गेला, सुटला, सुलतानाचा खून करवून मोगलांकडे झुकला. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. मग शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही घराण्यातले एक लहान मूल गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. परांड्याला १६०० मध्ये अंबरने केले तेच हे. पण यावेळी विजापूर शेवटी मोगलांच्या बाजूला गेले. मे १६३६ च्या तहात शाहजहान आणि आदिलशाह यांनी निजामशाही वाटून घेतली. शहाजीराजे माहुलीला शरण आले आणि आदिलशाही चाकरीत गेले.

मधला बांध गेला. मोगलांना विजापूर आणि गोवळकोंडा घ्यायला त्यानंतर ५० वर्षे लागली, १६८६ आणि १६८७ मध्ये. बीडचा मुलूख मोगलांकडून हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. नगरचा मुलूख मात्र पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेल्यामुळे आष्टीच्या उत्तर-पश्चिमेची जुनी सरहद्द वेगळ्या नावाने सव्वाशे वर्षे जिवंत राहिली. भातोडीच्या तलावाची इंग्रज अमदानीत दुरुस्ती होऊन त्याचे पाणी पुन्हा शेतीला मिळू लागले. शरीफजींची समाधी गावात आहे.